दम तुटला, रेडर बाद

माझ्या नवऱ्याच्या हातातली ट्रॉफी ज्या माणसाने घालवली, त्याच्याच गाडीत बसून मी पुढे कितीतरी महिने ऑफिसला जात होते. कोणी म्हणेल, काय बाई आहे ही! पण मस्कतच्या एका टोकाच्या माबेल्याहून दुसऱ्या टोकाच्या रुवीला रोज जायचं म्हणजे काय असतं ते त्यांनी एकदा करून बघावं. ओमानच्या लायसन्सच्या परीक्षेत मी पुन्हा पुन्हा नापास, नवऱ्याचं ऑफिस भलत्याच दिशेला, आणि टॅक्सीने जायचं तर पगार टॅक्सीवाल्याच्याच हातात द्यावा लागला असता. राहता राहिली पंचांची गाडी. तीही वेळेवर येणारी, दारात थांबणारी आणि आत एसी चालू असणारी.

त्यांना सगळे पंच म्हणायचे. नाव होतं त्यांना, पण ते रेसिडेंट कार्डापुरतं. त्यांची बायकोसुद्धा फोनवर 'पंच जेवतायत, नंतर करा' असं सांगायची. मी काका म्हणायचे. गाव रत्नागिरीकडचं, नोकरी एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसरची, आणि जीव सगळा कबड्डीत. थंडीच्या महिन्यांत आमच्या मराठी मंडळाच्या स्पर्धा चालायच्या, दर शुक्रवारी, कधी बरक्याला, कधी सोहारला, आणि प्रत्येक ठिकाणी मॅटच्या मधोमध पांढऱ्या शर्टात, गळ्यात शिट्टी घालून हे उभे. आठवड्याचे बाकीचे दिवस म्हणजे दोन शुक्रवारांच्या मधली अडगळ, असंच ते जगायचे.

खिशात पेन नसायचं, कार्डं असायची. हिरवं, पिवळं, लाल. कबड्डीत हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर बस, लाल म्हणजे चल घरी. ती मॅटवर दाखवायची असतात हे आपल्याला माहीत असतं. त्यांना ते मान्य नव्हतं. माबेल्याच्या भाजीवाल्याने पिशवीत खाली मऊ टोमॅटो सरकवले तेव्हा त्यांनी त्याला हिरवं कार्ड दाखवलं, आणि तो बिचारा चितगावचा माणूस, त्याला वाटलं हे बलदियाचे, म्हणजे नगरपालिकेचे, कोणी इन्स्पेक्टर आहेत, त्याने वर मूठभर कोथिंबीर फुकट घातली. ती यांनी परत दिली, हे वेगळं. मला गाडीत पिवळं कार्ड मिळालं होतं. सासूबाईंशी फोनवर जरा मोठ्याने बोलत होते, तर आरशातून कार्ड. दोन मिनिटं गप्प. पलीकडून सासूबाई 'हॅलो, हॅलो, अगं ऐकू येतंय का' करतायत आणि मी तोंडावर हात धरून बसलेली! लाल कार्ड मात्र कधी निघालेलं पाहिलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "ते काढायचं नसतं गो. खिशात आहे एवढं समोरच्याला माहीत असलं म्हणजे झालं."

कान मात्र भयंकर. कबड्डीत चढाईला गेलेल्या गड्याने 'कबड्डी कबड्डी' असा दम लावायचा असतो, एका श्वासात, पंचाला ऐकू जाईल असा. मध्ये श्वास घेतला की दम तुटला, गडी बाद. हल्ली मोठ्या स्पर्धांत घड्याळ लावतात, सेकंद मोजतात, आणि दमाकडे कोणी फारसं बघत नाही. आमचे पंच बघायचे, म्हणजे ऐकायचे. मॅटच्या बाहेरही ऐकायचे, हाच त्रास होता. एकदा सकाळी मी फोन केला, "काका, आज अंगात कसकस आहे, मी येत नाही."

"कुठे चाललीस?"

"अहो, कुठे नाही, झोपून आहे."

"बोलायच्या आधी श्वास घेतलास," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मला मैत्रिणीबरोबर निझवाच्या बाजारात जायचं होतं. गेले, पण दिवसभर मनाला लागून राहिलं.

स्पर्धेच्या दिवसांत ते कोणाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. माझा नवरा प्रसाद माबेल्याच्या संघाचा कॅप्टन. संक्रांतीला मी पंचांच्या दारात तिळगुळाचा डबा घेऊन गेले, तर काकूंनी हात पुढे केला आणि काकांनी मागूनच आवाज दिला, "घेऊ नको. कॅप्टनच्या घरातलं आहे." मी म्हटलं, अहो काका, सण आहे, तिळगूळ आहे, लाच नाही! तर म्हणे, "देताना गोड बोला म्हणतात ना? मला तुझ्या नवऱ्याशी गोड बोलायची सोय नाही अजून. फायनल झाली की घेतो." मी इतकी चिडले की डबा घरी नेऊन अर्धा एकटीने संपवला.

त्यांच्या कंपनीतला किस्सा तर मी अजून लोकांना सांगते. तिथला प्रोजेक्ट मॅनेजर अमेरिकन. त्यांच्याकडच्या फुटबॉलचा वेडा. आपला फुटबॉल नव्हे, तो हेल्मेटवाला, ज्यात चेंडू हातात धरून पळतात आणि एकमेकांच्या अंगावर पडतात. एका सोमवारी तो साहेब ऑफिसात शिरला तोच धुमसत. त्याचा संघ शेवटच्या क्षणी हरला होता. गड्याने चेंडू झेलला, झेलत झेलत जमिनीवर आदळला, आणि पंचाने सांगितलं, झेल पुरा झालेला नाही. साहेबाने ती क्लिप सगळ्यांना लॅपटॉपवर दाखवली, पुढून, मागून, सावकाश करून. सगळे आपले 'येस सर, व्हेरी बॅड सर'. आमचे पंच उभे राहिले आणि म्हणाले, "नो सर. डिसिजन करेक्ट."

साहेबाने विचारलं, तुला या खेळाचे नियम माहीत आहेत?

"नो सर."

मग कशावरून बरोबर?

"ही वॉज नियर. यू वेअर ऑन सोफा."

संध्याकाळी गाडीत हे ऐकून मी कपाळावर हात मारला. "काका, तुमचा व्हिसा त्या माणसाच्या सहीवर आहे!"

"असू दे. अगो, तो पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टवाला पंच बघायला हवा होतास तू. अख्खं मैदान बोंबलतंय त्याच्या नावाने, आणि तो माइक लावून मधोमध उभा राहून सांगतो, असं असं झालं, म्हणून निर्णय असा. पळाला नाही, मान खाली घातली नाही. मला त्या खेळातलं काय कळतंय? पंच कळतो मला." मग बरका रोडवरच्या गर्दीत हॉर्न न वाजवता ते बराच वेळ त्या अनोळखी माणसाचं कौतुक करत होते. साहेब त्यांना नंतर 'रेफ' म्हणायला लागला, आणि हे खूश.

तर ती फायनल. माबेला विरुद्ध सोहार. सोहार म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतले फिटर, वेल्डर, ऑपरेटर, एकेकाचं मनगट माझ्या मांडीएवढं. ट्रॉफी कायम त्यांचीच. माबेल्याने ती कधी हातात धरलेली नव्हती. त्या वर्षी मात्र आमच्याकडे सुशांत होता. लांज्याचा मुलगा, एसी दुरुस्तीचं काम करायचा, संघातल्याच पोरांबरोबर एका व्हिलात खोली घेऊन राहायचा. चढाईला गेला की मासळीसारखा निसटायचा.

शेवटची चढाई. आम्ही एका गुणाने मागे. सुशांत आत गेला. आमच्या ढोल-ताशा पथकाच्या पोरांना राहवलं नाही, त्यांनी चढाई चालू असतानाच ढोल बडवायला सुरुवात केली. सुशांतने कोपऱ्यातला गडी टिपला, वळता वळता दुसऱ्याच्या खांद्याला हात लावला, आणि लांब सूर मारून मध्यरेषेला बोटं टेकवली. दोन गुण! आम्ही जिंकलो होतो! मी खुर्चीवर उभी राहून किंचाळत होते, शेजारची कोण बाई मी मिठीत घेतली ते मला आजही माहीत नाही.

आणि शिट्टी. पंच सुशांतच्या अगदी मागे, एका हाताच्या अंतरावर. हात वर. "दम तुटला. रेडर बाद. सोहारला एक गुण."

पुढचं काय सांगू! प्रसाद अंगावर धावून गेला. "काका, ढोलात स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, तुम्हाला दम कुठून ऐकू आला?" बाजूच्या रेषेवरच्या दुसऱ्या पंचाने खांदे उडवले, म्हणाला मला काही ऐकू आलं नाही. मोबाइल निघाले, पाच-पन्नास व्हिडिओ, सगळ्यांत सुशांतचे हात स्वच्छ दिसतायत आणि ऐकायला नुसता ढोल. पंच एवढंच म्हणाले, "मी जवळ होतो. निर्णय दिलेला आहे." आणि तोंडावर शिव्या ऐकत, गळ्यातली शिट्टी सरळ करत, सोहारचा गुण लिहिला गेला की नाही हे बघायला टेबलाकडे गेले.

शनिवारी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता वणवा. कोणी म्हणे कान गेलेत, कोणी म्हणे डोकं गेलंय. एकाने तर लिहिलं, सोहारवाल्यांचं खाल्लं. ते वाचून मात्र मला कसंसंच झालं. माझ्या हातचा तिळगूळ ज्याने घेतला नाही, तो सोहारवाल्यांचं खाणार? पण मी ग्रुपवर काही लिहिलं नाही, कारण घरात प्रसाद न जेवता बसला होता आणि मीसुद्धा पंचांवर भडकलेलीच होते.

रविवारी सकाळी मला वाटलं, गाडी येत नाही. आली. नेहमीच्या वेळेला. मी दार आपटून बसले.

"बेल्ट," ते म्हणाले.

एवढा एकच शब्द! मग माझं तोंड जे सुटलं ते विमानतळ मागे पडेपर्यंत. पोरांची वर्षभराची मेहनत, तुमचा हेका, तुमची कार्डं, सगळं काढलं. ते शांतपणे गाडी चालवत होते. मी दमल्यावर म्हणाले, "झालं?"

"झालं."

"उद्या जरा लवकर निघू. पुढे रस्त्याचं काम काढलंय."

मी कपाळ धरून बसले. मग न राहवून विचारलं, "काका, खरं सांगा. ऐकलंत तुम्ही?"

"ऐकलं गो," ते म्हणाले. "दुसऱ्याला शिवताना."

आठवड्याच्या मध्याला मंडळाचे अध्यक्ष त्यांच्या घरी आले. चांगला माणूस, अल खौदला गॅरेज आहे, मॅटचा खर्चही तेच करायचे. त्यांनी तोडगा आणला होता. पंचांनी शुक्रवारच्या सभेत एकच वाक्य बोलायचं: ढोलामुळे मला नीट ऐकू आलं नाही. मग दोन्ही संघ संयुक्त विजेते, ट्रॉफी सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, सगळे खूश. नाही बोलले, तर पुढच्या वर्षी दुसरा पंच. काकू मला फोनवर सांगत होत्या आणि रडत होत्या. "अगं, चार शब्द बोलायचेत. कोणाचं काय जातंय? शिट्टी काढून घेतली तर हा माणूस शुक्रवारी करेल काय? मुलं पुण्याला, मला गुडघ्यांमुळे फिरवत नाही. भिंतीकडे बघत बसतील!"

दुसऱ्या दिवशी गाडीत मीही तेच म्हटलं. ते म्हणाले, "ऐकू आलं ते ऐकू आलं नाही असं कसं म्हणू? ऐकू आलं नसतं तर शिट्टी वाजवली असती का मी?"

"अहो, पण शिट्टीच जाईल!"

"जाईल," ते म्हणाले. आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता.

गुरुवारी सकाळी मी खाली उतरले तर फाटकाशी सुशांत उभा. रात्रभर झोपला नसावा, डोळे लाल. "वहिनी, मला गाडीत घ्या. काकांशी बोलायचंय." मागे बसला. एक्सप्रेसवेला लागलो तसा एकदम म्हणाला, "काका, दम तुटला होता. दुसऱ्याला हात लावताना घसा कोरडा पडला, मी श्वास घेतला. ढोलात कुणाला कळणार नाही असं वाटलं. मी सभेत सांगतो सगळ्यांना."

सुटलो, वाटलं! हा बोलला की सगळं मिटलं. मी आनंदाने काकांकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा लालबुंद.

"मी विचारलं होतं तुला?"

"नाही, पण..."

"मग बोलायचं नाही. तू आज म्हणतोस तुटला, म्हणून मी बरोबर. उद्या दुसरा रेडर म्हणेल नाही तुटला, म्हणजे मी चूक? निर्णय रेडरच्या तोंडून यायला लागला तर पंचाला कशाला उभा करता? खांब रोवा एक!"

"काका, शिट्टी जाईल ना तुमची."

"आणि तू कुठे राहतोस? त्याच पोरांच्यात ना? बारा जण एका चुलीवर. उद्या सभेत बोलशील आणि परत त्याच खोलीत झोपायला जाशील, कळतंय का तुला?" हात खिशाकडे गेला, पिवळं कार्ड आरशासमोर आलं. "गप्प बस." आणि सुशांत, चांगला दाढीमिशांचा पुरुष, खरोखर गप्प बसला. मला हसू येत होतं आणि रडूही.

शुक्रवारी दुपारची सभा, अल खौदला, अध्यक्षांच्या गॅरेजच्या वरच्या हॉलमध्ये. सोहारहूनही त्यांचा कॅप्टन आणि चार-पाच जण आले होते. अध्यक्षांनी गोड शब्दांत सुरुवात केली, पंचांनी आमच्यासाठी किती केलं वगैरे, आणि मग म्हणाले, "पंच, ढोलामुळे चूक होऊ शकते. माणूस आहे. तुम्ही फक्त तेवढं सांगा."

पंच उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट. "दम तुटला होता. निर्णय दिलेला आहे." आणि बसले.

हॉलमध्ये आरडाओरडा सुरू झाला. अध्यक्षांनी हात जोडले, म्हणाले, मग आमचा नाइलाज आहे. काकूंनी पदराने तोंड झाकून घेतलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून सुशांत उठला. पंचांनी मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं की मी असते तर बसले असते. तो बसला नाही. "तुटला होता," तो म्हणाला. "मी श्वास घेतला. पंच बरोबर आहेत."

मग त्याच्याच संघातला कोणीतरी हळूच म्हणाला, "खोलीवर ये तू." पण अध्यक्ष उठून टाळ्या वाजवायला लागले. "वा! मिटलं! सुशांत, शाब्बास. पंच, आम्हाला माफ करा, सिद्ध झालं की तुम्ही बरोबर. पुढच्या वर्षी शिट्टी तुमचीच!"

"नको," पंच म्हणाले.

अध्यक्षांच्या टाळ्या तशाच हवेत राहिल्या. "अहो, पण सिद्ध झालं ना?"

"आठवड्यापूर्वी का नव्हतं झालं?" काका उभे राहिले. त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "तेव्हा मी सांगितलं, तर माझे कान गेले, मी खाल्लं. आज पोरगा बोलला, तर मी देव? तो खोटं बोलला असता तर? मला ठेवायचं असेल तर माझ्या शब्दावर ठेवा. याच्या शब्दावर ठेवणार असाल, तर पुढच्या वर्षी रेडरलाच विचारा आणि गुण लिहा. मी येणार नाही." त्यांनी शिट्टी गळ्यातून काढली आणि टेबलावर ठेवली. ठेवताना डोळ्यांत पाणी होतं, सगळ्यांना दिसलं.

मला संताप आला. हातात आलेलं घालवतोय हा हट्टी म्हातारा! जिंकलात ना, आता घ्या ना मुकाट्याने! मी प्रसादकडे पाहिलं. तो उठला. वाटलं, आता हा काय बोलतोय.

"मी अजूनही चिडलेलो आहे," प्रसाद म्हणाला. "सुशांत बोलला नसता तर आज मी भांडणारच होतो, तयारी करून आलो होतो. पण काका म्हणतात ते..." तो जरा अडखळला. "सुशांत काही बोललाच नाही असं समजा. लिहूसुद्धा नका. मी माबेल्याचा कॅप्टन आहे. पंचांनी दम तुटला म्हटलं, म्हणजे तुटला. आम्ही हरलो. आणि खोलीवर सुशांतला कोणी काही बोललं तर गाठ माझ्याशी आहे. खलास."

लग्न झाल्यापासून हा माणूस मला इतका आवडला नव्हता. सोहारचा कॅप्टन, तो दांडगा वेल्डर, त्याने पुढे येऊन प्रसादला मिठी मारली. अध्यक्षांनी शिट्टी उचलली आणि दोन्ही हातांनी पंचांपुढे धरली. पंचांनी प्रसादकडे पाहिलं. मग शिट्टी घेतली, रुमालाने पुसली, गळ्यात घातली.

अध्यक्षांना हायसं वाटलं असावं, कारण ते एकदम उत्साहात आले. "आणि पुढच्या वर्षीपासून चढाई चालू असताना ढोल एकदम बंद! म्हणजे पंचांना नीट ऐकू येईल, वादच नको."

पंच बसायला निघाले होते, ते परत सरळ झाले.

"ढोल वाजू द्या," ते म्हणाले. "मला ऐकू येतं."